बेडं बंद ठेवायचा दिवस

अण्णा, आपल्या वाडीतून आता दर रविवारी सायकली जातात. हे सांगावं असं इथे कुणी राहिलेलं नाही, आणि जे आहेत त्यांच्यावर माझा भरवसा नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. मुंबईची माणसं आहेत. सकाळच्या रो-रो बोटीत सायकली घालून मांडव्याला उतरतात, अलिबाग मागे टाकतात, नागावला मोठा रस्ता सोडून आतल्या रस्त्याने, वाड्यांच्या सावलीतून चौलात येतात. तळ्याकाठी पाणी पितात, देवळाच्या दीपमाळेपाशी फोटो काढतात, आणि पुढे रेवदंड्याच्या कोटाकडे जायला गाड्यांचा रस्ता नको म्हणून आपल्या अंगणातून, माडापोफळींमधून, मागच्या कुंपणातल्या बेड्याचे आडवे बांबू सरकवून पलीकडे निघून जातात. मी ओटीवर दिसले की प्रत्येक जण ‘गुड मॉर्निंग काकू’ म्हणतो. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

त्यांचा एक म्होरक्या आहे, साठीचा, पिकल्या दाढीचा. बाकीचे पुढे जातात, हा थांबतो आणि बेड्याचे बांबू परत लावतो, वरचा वर आणि खालचा खाली. शहरातल्या माणसाला ही शिस्त कुठून आली, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं. नंतर एकदा त्याने विचारलं, “काकू, बेड्यापलीकडची ती पडीक जागा कोणाची?” ती जागा नुकतीच विकली गेली आहे, कोणी घेतली ते गावात कुणालाच नीट माहीत नाही, आणि तिथे गाडी न्यायची तर आपल्या वाडीतूनच न्यावी लागेल. मी म्हटलं, ठाऊक नाही. मग त्याने मोबाईल पुढे केला. चौलापासून कोटापर्यंत एक निळी रेघ होती आणि ती आपल्या विहिरीला खेटून गेली होती. “हा आमचा रूट. आता नवीन कुणी आला तरी चुकायचा नाही,” तो कौतुकाने म्हणाला. मी हसले आणि त्याला शहाळं दिलं. तुम्हीही तेच केलं असतंत.

तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून मी याच आतल्या रस्त्याने शाळेत जायची. मला सोडून तुम्ही पुढे अलिबागला कोर्टात कारकुनीला जायचात, आणि वाटेत मला गोष्टी सांगायचात त्याही वहिवाटीच्या दाव्यांच्या. “वाट देणारा घरी बसतो आणि वाट घेणारा साक्षीदार घेऊन येतो. मी रोज बघतो.” आठवीत तुम्ही मला लेडीज सायकल आणून दिलीत, डायनॅमोचा दिवा लावलेली. त्या दिवशी मी केवढी नाचले होते. आणि तेव्हाही तुम्ही मला एवढंच बजावलंत की दुसऱ्याच्या वाडीतून जायचं तर विचारून जायचं आणि बांबू परत लावायचे. त्या म्होरक्याला हे कोणी बजावलं असेल?

वर्षातला एक दिवस तुम्ही बेडं बंद ठेवायचात. जत्रेचा दिवस. रजा टाकायची, बांबूंना काथ्याची दोरी बांधायची आणि खुर्ची टाकून तिथेच बसायचं. एक दिवस जरी अडवलं तरी वाट आपल्या मर्जीची राहते, हे तुमचं गणित. मी दहा-अकरा वर्षांची आहे, तुम्ही जेवायला आत गेला आहात, आणि रेवदंड्याहून रोज येणारी मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन पलीकडे उभी आहे. मी गाठ सोडायला हात लावते तोच मागून तुमचा आवाज येतो. इतक्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हतात. ती म्हणते, “अण्णा, पाटी जड हाय. आजच्या रोज जाऊ द्या.” तुम्ही म्हणता, “उद्या ये. परवा ये. आज नाही.” मग बेड्यावरून तुम्ही तिला चहाचा पेला देता, ती तो पिते आणि लांबच्या रस्त्याने निघून जाते. मला तुमची लाज वाटली होती, अण्णा. आज सांगून टाकते.

तुम्ही गेल्यावर मी तो दिवस पाळणं सोडून दिलं. म्हणजे इतक्या वर्षांत बेडं एकदाही बंद नव्हतं, आणि आता ही निळी रेघ. गेले काही महिने मला धड झोप नव्हती. यंदा जत्रा रविवारी आली. मी दोरी बांधली आणि खुर्ची टाकून बसले. सायकली आल्या. म्होरक्या उतरला, दोरीकडे बघितलं. “आज बंद?”

“वर्षातून एक दिवस बंद असतं.”

“म्हणजे बाकीचे दिवस तुम्ही आम्हाला येऊ देता. बरोबर?” तो म्हणाला, दोरीचा फोटो काढला, आणि सगळ्यांना मागे वळवून मोठ्या रस्त्याने घेऊन गेला. कुरकूर नाही, वाद नाही. इतक्या चटकन त्याला कसं कळलं? आणि फोटो माझ्या बाजूचा पुरावा म्हणून काढला की त्याच्या? मी दिवसभर त्यावरच विचार करत होते.

दुपारी ती आली. तीच मासळीवाली, आता पार थकलेली, पाटीत जेमतेम दोन वाटे सुकट. मी तोंड उघडायच्या आतच ती बेड्यापलीकडे दगडावर टेकली. “बांधलास व्हय? बरा केलास. चा दे.”

चहा पिता पिता ती सहज म्हणाली, “तुजा बा माज्या सासूलाबी अडवायचा. ही वाट तिच्याबी सासूच्या आधीची हाय, बाय. वाडी मागनं झाली. कुंपणात वाट घेतली तुमच्या आज्यानं.”

मी म्हटलं, “मग तुम्ही भांडला का नाहीत?”

“एका दिवसापायी कशाला भांडायचा? कोर्टातला मानूस, सगळ्यांचा धसका घेतलेला. आम्ही म्हनायचो, एक दिवस बांधून त्याला झोप लागते, तर लागू दे.” पेला माझ्या हातात देऊन ती उठली आणि लांबच्या रस्त्याने गेली.

ती हे आत्ताच का बोलली? तिच्या मुलाने नवी रिक्षा घेतली आहे, त्याला पैसे कुणी दिले, तिला कुणी शिकवून पाठवलं असेल का, असं आधी मनात आलं. मग तुमच्याबद्दलही आलं. जत्रेच्या दिवशी सगळा गाव मोठ्या रस्त्याने जातो, या वाटेला मासळीवाली सोडली तर कुणी फिरकत नाही. तोच दिवस तुम्ही का निवडलात? लोकांची अडचण होऊ नये म्हणून, की ‘वाट तुमची कधीपासून’ असं विचारायला कुणी समोर येऊ नये म्हणून? तुम्हाला माहीत होतं ना, अण्णा? दांडीवर बसून मी इतक्या गोष्टी ऐकल्या, तेवढी एक तुम्ही सांगितली नाहीत.

हे लिहिलेलं मी न्हाणीच्या चुलीत घालणार आहे. कुणाच्या हाती लागलं तर उद्या माझ्याच विरुद्ध पुरावा व्हायचा. पुढच्या जत्रेलाही मी दोरी बांधीन. वाट आपली नसेलही, आता मला ते माहीत आहे. पण यंदा दोरी बांधली त्या रात्री मला गाढ झोप लागली.