सोळा सेकंदांची साक्ष

प्रिय छोटी,

साक्षीदाराचा फॉर्म अजून का पाठवला नाहीस, हे तू आठवड्यात तीनदा विचारलंस. मी तिन्ही वेळा थाप मारली. एकदा प्रिंटर बिघडला, एकदा ताप आला, एकदा पाकीटच सापडेना. त्या एका सहीवाचून तुझ्या नवऱ्याचा वेगाचा विक्रम अडलाय, महिनाअखेरीस मुदत संपली की तो कायमचा गेला, आणि मानेखाली काहीच न हलणाऱ्या माणसाला आता तेवढं एकच हवंय, हे मला कळत नाही का?

इकडे शेडमध्ये मी एकटीच असते. त्याच्या होडीचे तुकडे भिंतीला लावून ठेवलेत, रेझिनचा वास अजून जात नाही. पहिल्यांदा ती होडी बघून तू पोट धरधरून हसली होतीस, आठवतं? शीड एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये लांबलचक आडवा दांडा. पळायची एकाच दिशेनं, परत येताना मोटरबोटीनं ओढून आणायची. पाचशे मीटर, जेमतेम सोळा सेकंद, आणि त्यासाठी आमची नऊ वर्षं. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. वारा असला तर पाणी खवळलेलं, पाणी सपाट असलं तर वारा पडलेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

माझं काम तुला माहीत आहे. होडी पळताना त्याला मागचा दांडा दिसत नाही. म्हणून मी किनाऱ्यावर दुर्बीण आणि वॉकीटॉकी घेऊन उभी राहायचे, आणि काही वावगं दिसलं की 'सोड' म्हणायचे. त्यानं शिडाचा दोर सोडला की होडी मंदावते. नऊ वर्षांत मी निदान चाळीस वेळा तसं म्हटलं असेल. त्यातल्या बऱ्याच वेळा काहीही बिघडलेलं नव्हतं. ताई ताकसुद्धा फुंकून पितात, असं तो सगळ्यांसमोर चिडवायचा. मी हसायचे, पण मला ते लागायचं गं.

त्या दिवशी दांड्याचा जोड थरथरताना मला दिसला. नीट दिसला, शंकेला जागाच नव्हती. माझ्यासमोरच्या पडद्यावरचा वेगाचा आकडा जुन्या विक्रमाच्या वर गेला होता आणि चार सेकंद उरले होते. वॉकीटॉकीच्या बटणावर बोट होतं. मी मूग गिळून बसले. त्यानं शेवटची खूण ओलांडली आणि मग जोड तुटला.

मी मोटरबोट घेऊन गेले आणि त्याला पाण्यातून ओढून काढलं, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. तू होतीस म्हणून वाचला, असं तू प्रत्येक फोनवर म्हणतेस, आणि मी ऐकून घेते. फॉर्मवर विचारलंय, धोक्याचं काही चिन्ह दिसलं होतं का? 'हो' लिहिलं तर विक्रम बाद. आज सकाळी 'नाही' लिहून, सही करून मी तो पोस्टात टाकला. विक्रम नोंदवणाऱ्यांशी खोटं बोलले, तुझ्याशी आता खोटं बोलवत नाही. त्या दिवशी मी 'सोड' म्हटलं असतं तर तो माझ्यावर ओरडला असता, दोन दिवस अबोला धरला असता, आणि जिना चढून तुझ्याकडे माझी चुगली करायला आला असता. हे त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. फोन करावासा वाटला तर कर, फक्त आभार मानू नकोस.

तुझीच,
ताई