धुराड्यावरचं आभाळ

भोकर, मंगळवार, संध्याकाळ

आज सुनीताने पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर गंधकाम्लाचा प्लांट सुरू केला. तिचे बाबा जन्मभर याच प्लांटवर ऑपरेटर होते. सकाळपासून साहेबांची घाई चालली होती, पण ही म्हणाली, "कॅटॅलिस्ट पुरता तापल्याबिगर मी गंधक पेटवणार न्हाई." कॅटॅलिस्ट म्हणजे गंधकाच्या वायूचं आम्ल व्हायला मदत करणारा थर; तो गार असताना घाई केली की वायू कच्चा राहतो, धुराड्यातून बाहेर पडतो आणि गावाचे डोळे चुरचुरतात. यांच्याच जुन्या पुस्तकात वाचलंय मी.

चहा घेऊन गच्चीवर गेले. हे रोज इथंच उभे राहायचे, धुराडं बघितल्याशिवाय चहाला तोंड लावायचे नाहीत. मी चिडवायचे, "काय दिसतं हो तिथं?" म्हणायचे, "काही दिसत न्हाई, तेच बघून राहिलो."

तेवढ्यात सुनीताचा फोन. "आई, गंधक पेटवून तास झाला. धूर दिसून राहिलाय का?"

"न्हाई गं. नुसतं आभाळ हाय."

"खरंच?" म्हणाली, आणि रडायलाच लागली. मग नाक ओढत सांगत बसली, आता गंधकाच्या त्याच आचेवर वाफ होईल, वाफेवर कारखान्याची वीज. केवढी हुशारी ही! आणि केवढा धीर माझ्या पोरीचा. साहेबापुढे मला जमला असता का?

फोन ठेवल्यावरही बघतच राहिले. चहा पार निवला. यांचाही रोज निवायचा, आणि मी ओरडायचे.