मामा, कुठली गाडी घेऊ?

कोल्हापूर, ११ एप्रिल २०२४

ती. बापूसोमामांना आदितीचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं. गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यांवरची जनावरं तपासायचं काम मला मिळालंय. आठवड्याचे तीन दिवस डोंगर. उरलेले दिवस शहरातला माझा जनावरांचा दवाखाना आणि आईला गुडघ्यांच्या व्यायामाला नेणं. वर जाताना शेवटचे चार किलोमीटर नुसते दगड आणि लाल चिखल. आमची छोटी गाडी तिथं पोट टेकून बसते. म्हणून जुनी, पण भारीतली, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायचं ठरवलंय.

दोन बघितल्यात. एक इंग्रजी बनावटीची, काळी, काचेच्या छताची. बटण दाबलं की हवेवर उंच होते. सम्मेद तिच्या प्रेमात पडलाय, नवऱ्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. दुसरी सोळा वर्षांची जपानी, रंग उडालेली, चामड्याच्या सीटला ठिगळ. तुम्ही चाळीस वर्षं साखर कारखान्याच्या गॅरेजात गाड्या उघडल्यात. सांगा, कुठली घेऊ? की असली गाडी म्हणजे नुसती चैनच?

प्रभावतीमामींना नमस्कार. उत्तर लवकर धाडा, नाहीतर काळी गाडी दारात येईल.

तुमची आदिती


शिरोळ, १७ एप्रिल २०२४

चि. सौ. आदितीस मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद.

मला पुस्तकी लिहाय येत न्हाय, बोलतो तसं लिहितो. गाडी कुठल्या देशाची हाय त्यापेक्षा ती कुणी कशी ठेवली ते बघ. बघाय जाशील तवा आधीच सांगून ठेव, आम्ही येईस्तवर इंजिन सुरू करू नका म्हणून. गार इंजिनाचं दुखणं लपत न्हाय. खाली वाकून चासी बघ. वरवरचा गंज चालतो, पोखरलेला न्हाय. डोंगराचा बारका गिअर टाकून चढाला चालवून बघ. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालंय का ते कागदावर वाच, तोंडी ऐकू नको.

आणि सगळ्या सीटांचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघ. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करत्यात, पण पट्ट्याचं आतलं टोक कोण धूत न्हाय. पुरानंतर असल्या गाड्या मी शिरोळात लई बघितल्या. उद्यमनगरात कृष्णात मिस्त्री हाय, माझ्या हाताखाली शिकलाय, त्याला संगं ने.

चैनीचं इचारलंस. मऊ सीट म्हणजे चैन न्हवं. दिवसभर दगडातनं हादरे खाऊन घरी गेल्यावर अक्कासंगं, तुझ्या आईसंगं, हसून बोलायचं असतंय की तुला. सम्मेदरावांना सांग, काचेच्या छतातनं म्हशी तपासता येत न्हाईत. हे वाचून तुझी मामी माझ्यावर चिडली, जावयाला असं लिहितात व्हय म्हणाली. पण लिहिलं ते लिहिलं.

जिवाला जप.

बापूसोमामा


कोल्हापूर, ३ मे २०२४

ती. मामांना आदितीचा शि. सा. न.

मामा, काळ्या गाडीचा मागचा पट्टा कृष्णातमामांनी ओढला आणि शेवटच्या वितीला मातकट रेघ निघाली. मालक म्हणाला, चहा सांडला असेल. कृष्णातमामांनी बाकीचे पट्टे ओढले आणि विचारलं, पावणं, चहा सगळ्या सीटांवर एकाच उंचीवर कसा सांडला? मालक घाम पुसायला लागला. घराजवळ आल्यावर सम्मेद म्हणाला, मामांना माझा नमस्कार लिही.

जपानी गाडी घेतली. गार इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. चासीवर गंज आहे, पण वरवरचा. रोज शहरात ती डिझेल जास्त पिते आणि भाऊसिंगजी रोडवर तिला वळवताना मला घाम फुटतो, हेही लपवत नाही. पण आई पायदानावर पाय ठेवून, दांडीला धरून, कुणाचा हात न घेता आत बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग काच खाली करून शेजारणीला हाक मारली.

तुमचे उपकार कसे मानू? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

आदिती


कोल्हापूर, २४ ऑगस्ट २०२४

ती. मामांना आदितीचा शि. सा. न. वि. वि.

आठ दिवस लिहायला बसत होते, आज जमलं. मागच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी धनगरवाड्यावर लस टोचायला गेले होते. पाऊस लागून होता. दुपारी चिमणाबाई धावत आली. तिचा नवरा गुंडू वैरण कापताना कड्यावरून घसरला होता. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वाकडा पडलेला. रुग्णवाहिका खाली डांबरी रस्त्यापर्यंतच येते. एरवी माणसाला झोळीत घालून उतरवतात. पण त्या पावसात वाट निसरडी होती आणि वस्तीवर खांदा द्यायला दोनच म्हातारे होते.

मी जनावरांची डॉक्टर, मामा. म्हशीच्या पायाला बांधायच्या फळ्या आणि पट्ट्या होत्या, त्याच बांधल्या. मागची सीट पाडून त्याला आडवा केला. बारका गिअर टाकला आणि ब्रेकला जवळजवळ पाय न लावता इंजिनाच्या धाकावर उतरत राहिले. चार किलोमीटरला पाऊण तास लागला. एका वळणावर मागचं चाक दरीकडं सरकलं. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. बाकीच्या चाकांनी गाडी धरली आणि आत ओढली. गुंडू एकदाच बोलला. सीटला चिखल लागतोय, बाई रागावतील का, असं त्यानं बायकोला विचारलं. तेवढ्यानं मला रडू आलं.

कोल्हापुरात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वाटेत जोराचे हादरे बसले असते तर हाडानं रक्तवाहिनी कापली असती आणि माणूस हाती लागला नसता. काल तो काठी घेऊन दोन पावलं चालला. चिमणाबाईनं गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी तिला म्हटलं, ही गाडी शिरोळच्या माझ्या मामांनी निवडली. तिनं तुमचं नाव दोनदा विचारून घेतलं.

मामींनाही हे वाचून दाखवा.

आदिती


शिरोळ, ३१ ऑगस्ट २०२४

चि. सौ. आदितीस मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. मधी मी चष्मा काढून ठेवला, मग तिनं पुढचं वाचलं. ऐकू येत न्हाय म्हणून मी तिच्या ओठांकडं बघत बसलो.

पोरी, चाळीस वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या. सायबांच्या केल्या, संचालकांच्या केल्या. हात पुसून चावी दिली की गाडी फाटकातनं बाहेर. ती पुढं कुठं गेली, कुणाला घेऊन गेली, हे परत येऊन मला कुणी सांगितलं न्हाय, मीबी इचारलं न्हाय. माझं काम फाटकापर्यंतच असं समजत आलो. परवा पयल्यांदा कळलं की गाडी फाटकाच्या पुढंबी जाती.

तू उपकार म्हणतीस, पण ते उलटं हाय. तुझं पत्र मी गॅरेजातल्या जुन्या सोबत्यांना दाखवाय बिद्रीच्या कारखान्यावर घेऊन चाललोय. गुंडूला माझा रामराम सांग. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुझा बापूसोमामा