खुर्चीवरची नऊ वाक्यं

सोमवार, ६ तारीख
कारखान्यातून

प्रिय पंतोजी,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशीलच. इकडे रंधे चालू आहेत, भुसा नाकात आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. शाळेतलं टोपणनाव अजून वापरतो म्हणून रागावू नकोस. सातवीत शाळा सुटली, तेव्हा तुझं दुसरं नाव शिकायचं राहून गेलं.

पत्रास कारण की, तुझ्या वहिनीला ताप आहे. गेल्या गुरुवारी ती वर्गाला आली नाही, या गुरुवारीही जमेलसं वाटत नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी तुमची परीक्षा आहे म्हणे. तिची जागा दुसऱ्या कोणाला दिलीस तरी चालेल. या वयात इंग्रजी शिकून तिला कुठे मडम व्हायचंय?

तुझी शिकवायची पद्धत मात्र झकास. दर आठवड्याला एकच शब्द, तोही रोजच्या वापरातल्या वस्तूचा, आणि त्यावर दहा वाक्यं. वाक्य चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही. दाराच्या आठवड्यात ही दिवसभर 'डोअर, डोअर' करत होती. 'द डोअर मेक्स अ नॉइज' ऐकलं आणि मी मुकाट्याने बिजागरीला तेल घातलं. बादलीच्या आठवड्यात बादली बदलावी लागली. माझे कान तिखट, तुला माहीतच आहे. इंग्रजी वाचता येत नाही, पण गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून निम्मं कळतं.

या खेपेला शब्द 'चेअर' होता. म्हटलं, खुर्च्या घडवणाऱ्याची बायको, हिला दहा काय, शंभर वाक्यं सुचतील. असो.

वर्गात तू सगळ्यांना नावाने हाक मारतोस, असंही कानावर आलं. चांगलं आहे.

तिची काळजी करू नकोस. भेटायला यायचीही गरज नाही.

तुझा,
रंध्या


शनिवार, ११ तारीख
घरून

प्रिय पंतोजी,

तुझी चिठ्ठी मंगळवारीच मिळाली. 'ताप उतरला की पाठव, तिची खुर्ची तशीच ठेवली आहे.' त्या एका ओळीपायी मी कारखान्यात चार जणांवर खेकसलो.

ताप तिला नव्हता. तिची वही मी उचलली होती आणि कारखान्याच्या कपाटात, स्क्रूच्या डब्यामागे ठेवली होती. गृहपाठाशिवाय रिकाम्या हाताने वर्गात जायची तिला लाज वाटते. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच उचलली.

झालं असं. भाजी चिरता चिरता ही पुटपुटत होती, 'आय लाइक माय चेअर.' माझी छाती फुगली. मग पुढचं ऐकलं, 'इट इज इन द क्लास.' आणि हसली. मी समोर असताना ती तशी हसल्याला बराच काळ झालाय.

वही घेऊन मी आमच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे गेलो. तो इंग्रजी अक्षरं काढतो, थोडंफार वाचतोही. कानावर ब्रश खोचून त्याने मला मराठीत अर्थ सांगितला. 'माझी खुर्ची खिडकीजवळ आहे. ती डुगडुगत नाही. तिच्यावर बसलं की माझी पाठ दुखत नाही. तिथून मला कोणी उठवत नाही.' असं करत करत नववं, 'ही खुर्ची मला ओळखते.' दहावा आकडा घातलेला, पुढे कोरं.

"शेठ, सगळी वाक्यं वर्गातल्या खुर्चीवर! तुमच्या घरी खुर्ची नाही का?"

"तू पाटी रंगव."

आहे ना घरी. एक आहे. गिऱ्हाइकाने परत केलेली, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. चांगली झाली की विकली जाते, फसली की घरी येते, असा आमचा कारभार.

पण मला वाटलं, खुर्चीचं नुसतं निमित्त. खरी गोष्ट त्या कोऱ्या ओळीत असणार, आणि ती तुझ्याबद्दल असणार. हसू नकोस. शाळेत बाई तुझी वही वर्गभर फिरवायच्या, तेव्हापासून मी तुझ्यावर जळतो. आता तू दर गुरुवारी माझ्या बायकोला नावाने हाक मारतोस आणि ती 'येस सर' म्हणते. मी 'अगं' म्हणतो. तिचं नाव शेवटचं कधी घेतलं, आठवत नाही.

बुधवारी दुपारी तुमच्या वाचनालयात गेलो. वर्गाची खोली रिकामी होती, झाडणाऱ्या मावशींनी आत सोडलं. म्हटलं, बघू तरी असा कोण मोठा कारागीर लागून गेलाय. खिडकीजवळची खुर्ची सवयीने उलटी केली. पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला पटाशीच्या तीन रेघा.

माझी खूण. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी चाळीस खुर्च्या केल्या होत्या. एका व्यापाऱ्याने एकदम उचलल्या, पुढे कुठे गेल्या कोण जाणे. त्यांच्या वेताच्या बैठका हिने विणल्या होत्या, पंतोजी. भाड्याच्या खोलीत, जमिनीवर बसून, बोटांना चिंध्या गुंडाळून. सगळे शेवटची गाठ उजवीकडे मारतात, ही डावरी, डावीकडे मारायची. बैठकीखाली तीच गाठ होती. अजून घट्ट. चाळीस विणल्या, आणि त्यातली एकही आमच्या घरात राहिली नाही.

"काय झालं हो?" मावशींनी विचारलं.

"डोळ्यात कचरा गेला. झाडता कसं तुम्ही?"

मग दोन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. आता आमच्या बैठका फोमच्या असतात. वेत शोधण्यातच एक सकाळ गेली. आज नवी खुर्ची घरी आणली. हिने बैठकीवरून बोट फिरवलं.

"वीण कोणी केली?"

"मी."

"दिसतंय."

बसली. पाठ टेकली. जरा वेळाने म्हणाली, "चांगली आहे. आता वही द्या."

"तुला ठाऊक होतं?"

"घरात माणसं दोन. मी घेतली नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"किती दिवस लपवून ठेवता ते बघत होते."

वही दिली. पुठ्ठ्याची घडी तिने स्वतः काढून केरात टाकली, आखूड पायाची खुर्ची मला दिली.

संध्याकाळी मी तिला नावाने हाक मारली. तिने दचकून दाराकडे बघितलं, कोणी पाहुणं आलंय का म्हणून.

येत्या गुरुवारी ती परीक्षेला येईल. दहावं वाक्य अजून कोरंच आहे, वही देताना मी पाहून घेतलं. कशावर लिहिणार, असं सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणते, "वर्गात वाचीन." ते वाचून झालं की मला येऊन सांगू नकोस. मी बाहेर उभा असेन. चाळीस वर्षांची जळजळ दोन दिवसांच्या विणकामाने जात नाही रे. तू फक्त खिडकी उघडी ठेव.

तुझा,
अर्ध्या खुर्चीचा कारागीर,
रंध्या