चांगली कवळी परत येत नाही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा कवळ्या तयार करणे, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोक्यातला गोंधळ मिटल्याचा दाखला कोणी देत नाही, तो मागूही नये.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक पत्नीला. तिने घर विकावे, भाड्याने द्यावे किंवा माहेरच्या माणसांनी भरून टाकावे. मी विचारायला येणार नाही.

२. धाकट्या भावाला माझा लोकरीचा कोट. "दादा, तुझ्यासारखा कारागीर नाही," असे तो चाळीस वर्षे रोज दुकानात येऊन म्हणत आला. मनापासूनच म्हणत असणार. तरी त्यातली एकही वेळ मला धड आठवत नाही, याची लाज वाटते.

३. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी परत केलेली कवळी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. ती फेकून द्यावी. सव्वीस वर्षांपूर्वी, गुरुवारी, दुकान भरलेले असताना बाई म्हणाल्या, "तुमचे दात लावून हसले की घरचे विचारतात, कुठं दुखतंय का?" अख्खे दुकान हसले. मीही हसलो. घरी गेल्यावर जेवण गेले नाही. हजारो माणसे माझ्या दातांनी जेवली, भांडली. त्यांतली आठवतात चार. बाईंच्या छत्रीचा रंगसुद्धा आठवतो. असे का, हे मला आजवर कळलेले नाही. कदाचित धंदाच तसा आहे: नीट बसलेली कवळी घेऊन माणूस जातो तो कायमचा, टोचली तरच परत येतो. पण भाऊ तर रोज यायचा. त्याचे काय? इथे माझे गणित बसत नाही.

४. बारीक पकड शेजारच्या चष्मेवाल्यांना. नऊ वर्षे ती त्यांच्याकडेच आहे. आता तिला उसनी म्हणू नये.

५. दुकान, घासायची मोटार आणि सर्व साचे मुलीला. हे कलम मी तीनदा फाडून लिहिले आहे. एकोणिसाव्या वर्षापर्यंत ती माझ्या शेजारी बसून काम करायची. एक दिवस उठली आणि इस्पितळात नावे नोंदवायच्या खिडकीवर नोकरीला लागली. मला वाटले, पोरीला पगाराची हौस. गेल्या महिन्यात म्हटले, दुकान आता तू घे. तर म्हणते, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, हे हात या कामाचे नाहीत?"

मला काही केल्या आठवेना. पत्नीला विचारले.

"म्हणालात. तिच्या हातून मेण सांडलं होतं. बावीस वर्षं झाली."

"आणि मी तिचं कौतुक करायचो ते? भावाला, डॉक्टरांना, त्या चष्मेवाल्याला?"

"सगळ्या गावाला सांगितलंत. तिला सोडून."

तोंडावर कौतुक केले की पोर शेफारते, असे माझे वडील मानत. मीही मानले. पण जे तिच्या कानी गेलेच नाही, ते केले म्हणायचे का? आणि बाईंचे बोलणे सव्वीस वर्षे उराशी धरून बसलेल्या मला स्वतःचे बोलणे एकदाही आठवू नये? माझे डोके चालत नाही.

म्हणून लिहून ठेवतो: मुलीची नजर माझ्यापेक्षा तयार आहे. दाताची छटा ती एकदा बघून ओळखायची, मला तीनदा बघावे लागे. तिने केलेली खालची कवळी कधी हलली नाही. हात जरा सावकाश, पण असे काम मी दुसरे पाहिले नाही. ती गेल्यावर शेजारची खुर्ची मी कोणाला दिली नाही. मला तिथे मुलगीच हवी होती.

हे पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान. म्हणजे हेही तिच्या पाठीमागेच. तुम्ही गेल्यावर."

६. सबब, सही करण्यापूर्वी मुलीला बोलावून कलम पाच मोठ्याने वाचले. तिने उभ्यानेच ऐकले आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "सावकाश म्हणजे?"

"अगं, एवढं सगळं वाचलं, आणि तुला तेवढंच ऐकू आलं?"

"हो, पण सावकाश म्हणजे किती सावकाश?"

कलम पाचमधील 'हात जरा सावकाश, पण' हे चार शब्द मी तिच्यासमोर खोडले असून खाडाखोडीवर सही केली आहे. ते या मृत्युपत्राचा भाग समजू नयेत. ती ते विसरेल, असे मात्र मी लिहून देऊ शकत नाही.

सही: (कवळ्या करणारा)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर असताना, सही केली:
साक्षीदार १: दातांचे डॉक्टर
साक्षीदार २: समोरचे घड्याळजी

स्थळ: दुकानातील मागचे टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर, मंगळवार