चाळीस अंशांवरचा रंग

शेळगाव, रविवार

प्रिय मोना,

बारामतीचं कॉलेज सोडून तू भिगवणला परत गेलीस, त्याला दोन महिने झाले. तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. कामात होते म्हणाले तर ते खोटं ठरेल.

बीटातून खाण्याचा लाल रंग काढायचा, तोही त्यातलं अँटिऑक्सिडंट न गमावता, हा आपल्या दोघींच्या प्रकल्पाचा विषय. बीट आमच्या रानातलं, पोतं एसटीतून आणायचे मी, आणि रंग मात्र तुझ्या हाताला यायचा. जितकं तापवावं तितका रंग सुटेल असं मला वाटायचं, आणि माझा अर्क विटकरी व्हायचा. तू चाळीस अंशांवर थांबलीस, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घातलंस, आणि काचेत डाळिंबी रंग उतरला. दिपाली मॅडमनी सगळ्या वर्गाला बोलावून तो दाखवला. तू आमच्याकडे जेवायला आलीस तेव्हा आईसुद्धा म्हणाली, "पोरगी हुशार हाय गं, तिच्याकडनं शिक जरा." तेव्हापासून तुझं हसणंसुद्धा मला टोचायला लागलं.

परीक्षक यायच्या सकाळी तू त्यांना आणायला स्टँडवर गेलीस. जाताना म्हणालीस, "माझ्या अर्काच्या नळ्यांवर लक्ष ठेव गं." मी त्या उचलून शेजारच्या ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवल्या आणि तू यायच्या आत परत जागेवर ठेवल्या.

परीक्षकांपुढे तू तो तपकिरी अर्क उजेडात धरलास. "माझंच काहीतरी चुकलं," एवढंच बोललीस. मग मी माझा दाखवला, तुझ्याच पद्धतीनं केलेला. शाबासकी मला मिळाली, पुढच्या संशोधनाची एकुलती एक जागाही मलाच. तू सामान बांधलंस तेव्हा तुझी बॅग मी रिक्षापर्यंत उचलली. आणि खरं सांगू? मला आनंद झाला होता.

आता माझ्या हातालाही रंग सुरेख येतो. पण कुणी वाहवा केली की पुन्हा तुझाच हेवा वाटतो, कारण ती वाहवा तुझी असते.

काल मी मॅडमना सगळं सांगितलं आणि जागा सोडल्याचं लिहून दिलं. त्यांनी तो कागद वाचून फाइलमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "जागा मोनाची. पण काय झालं ते तिला तूच कळव." पुढच्या सोमवारी अकरा वाजता त्या तुझी वाट बघतील. मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही. तुझं काहीच चुकलं नव्हतं, मोना, एवढं तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

तुझीच म्हणवायचा हक्क गमावलेली,
स्वरूपा