बोरगावचं पोस्ट आणि दिल्लीचं बजेट

४ ऑक्टोबर १९४३
आमच्या निपाणी पोस्टाच्या मास्तरांनी बोलावलं. बोरगावचं तात्पुरतं पोस्ट मार्चअखेर बंद. दिल्लीच्या नव्या बजेटात नाव चढलं तरच टिकेल. मी फक्त एक फॉर्म भरून वरच्या ऑफिसला पाठवायचा, ३१ ऑक्टोबरच्या आत.
एवढ्याशा कामाला मी कशाला? फॉर्म ड्रॉवरात. साऱ्या देशाचं बजेट बनवणाऱ्या दिल्लीच्या ऑफिसलाच थेट लिहिणार. इंग्रजीतून.

१४ ऑक्टोबर
बोरगावची सोनाबाई बाजाराच्या गाडीतून आली. मुलगा बसवंत पलटणीबरोबर इटलीत. म्हणाली, "आण्णा, आमचं पोस्ट ऱ्हाईल न्हवं? पत्रासाठनं निपाणीपतोर चालवत न्हाय. गुडघं लई दुखत्यात." शब्द दिला. ती पाया पडू लागली. बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर
अर्ज सतरा पानं झाला. बोरगाव अजून यायचंय. सध्या अकबराच्या डाकेवर आहे. मास्तरांनी फॉर्मचं विचारलं. "जातोय" म्हटलं. काहीतरी जातंयच की.

२ नोव्हेंबर
अर्ज रजिस्टरनं रवाना. मुदत टळली. मोठ्या कामाला तारखा नसतात.

२० डिसेंबर, रात्री ९
दिल्लीचं उत्तर! हे ऑफिस बजेटात स्वतःहून काही घालत नाही. खात्यांकडून आलेल्या मागण्या तपासतं, कापतं, जुळवतं. आपली मागणी आपल्या ऑफिसमार्फत यावी. खाली सही!
नकाराला एवढी शाई कोण घालवतं? काम झालंच. बायकोला, अंबुबाईला, वाचून दाखवलं. ती म्हणते, "मग त्यो फॉर्म धाडलाच न्हाय व्हय तुमी?" तिला राज्यकारभार कळत नाही.
तरी संध्याकाळी फॉर्म भरून पाठवला. केवळ सावधगिरी.

११ जानेवारी १९४४
फॉर्म परत. याद्या नोव्हेंबरातच दिल्लीला गेल्या म्हणे. असू दे. दिल्लीत माझं नाव पोचलंय.

१ मार्च
काल बजेट वाचलं गेलं. पेपर दोनदा चाळला. बोरगाव नाही. इतकं बारीक छापत नसतील.

३१ मार्च, संध्याकाळी ६
बोरगावला जाऊन पाटी उतरवली. मीच. सोनाबाई ओट्यावर बसून होती. बसवंतचं पत्र दोन महिने नाही. ती रडली नाही, रागावली नाही. एवढंच विचारलं, "दिल्लीत आपलं कुणीच न्हवतं व्हय रं, आण्णा?"
मी म्हटलं, "न्हवतं."
तिथं कुणी असायची गरजच नव्हती, हे सांगायचा धीर झाला नाही.